सगळं ठीक, नाना

बॉयलरखान्याच्या फडतऱ्यांना घरी पाठवलं, त्या सकाळी शर्वरी निकमला स्वतःच्याच यंत्राची पहिल्यांदा भीती वाटली.

तसं वरून पाहिलं तर काहीच घडलं नव्हतं. वेणुमती दूध संघाची रोजची बैठक. लांबट टेबल, भोवती सगळे खातेप्रमुख, आणि गरम दुधाची किटली हातात घेऊन उभे असलेले अध्यक्ष नाना खराडे. संघ निघाला तेव्हापासूनची ही रीत होती. आधी आपल्या संघाचं दूध प्यायचं, मग कामाचं बोलायचं. नाना स्वतः टेबलाभोवती फिरून एकेकाचा पेला भरत आणि भरता भरता विचारत, "काय, ठीक?"

समोरचा म्हणे, "सगळं ठीक, नाना."

पेला भरला जाई. कुणी चुकून तक्रार काढलीच, तर नाना किटली तशीच उचलून पुढच्या माणसाकडे जात आणि हसत म्हणत, "तोंडात तक्रार असली की दूध नासतं, बाबा." सगळे हसत. ज्याचा पेला रिकामा राहिला, तो सगळ्यांत मोठ्याने हसे.

नाना दुष्ट नव्हते. भाव कोसळले होते त्या हिवाळ्यात आजूबाजूच्या संघांनी दूध घ्यायचं बंद केलं होतं. नानांनी मात्र खोऱ्यातला एक कॅनही परत जाऊ दिला नव्हता. 'दूध परत जाणार नाही,' हा त्यांचा शब्द खोऱ्यातल्या लहान पोरांनाही पाठ होता. खोट एवढीच, की वाईट बातमी त्यांना सोसत नसे. अंगावर पडलेलं झुरळ झटकावं तशी ते ती झटकत. आणि झटकताना ती कुणाच्या अंगावर जाऊन पडते, हे बघायला थांबत नसत.

शर्वरीचं यंत्र याच बैठकीच्या भिंतीत बसवलेलं होतं. त्याचं नाव कानोसा.

कानोसा काय करतो, हे समजायला फार शिकलेलं असावं लागत नाही. माणसाला प्रश्न विचारला, की उत्तर येण्याआधी एक बारीक फट पडते. 'तुझं नाव काय?' या प्रश्नाला ती जवळजवळ नसते. 'खिडकीची काच कुणी फोडली?' या प्रश्नाला ती असते, आणि फोडणाऱ्याच्या बाबतीत जरा जास्तच असते. कारण त्याच्या मेंदूला एकाच वेळी दोन कामं करावी लागतात. खरं आहे ते आत दाबून धरायचं आणि बाहेर दुसरंच बोलायचं. एका हाताने कपाटाचं दार दाबून धरावं आणि दुसऱ्या हाताने पाहुण्याला चहा द्यावा, तसं. कपबशी थोडी तरी किणकिणतेच. आपल्या घशातल्या स्वरपट्ट्या म्हणजे स्नायूंच्या नाजूक घड्या. तो ताण त्यांच्यात उतरतो आणि आवाजात कानाला न कळणारी थरथर येते.

पूर्वीची खोटं पकडणारी यंत्रं एकट्यादुकट्या माणसाच्या मागे लागत आणि फसत. घाबरट माणूस खरं बोलतानाही थरथरतो आणि निर्ढावलेला खोटं बोलतानाही थरथरत नाही. कानोसा एका माणसाकडे पाहतच नसे. तो बैठकीतलं, फोनवरचं, वॉकीटॉकीवरचं सगळ्या संघाचं बोलणं महिनोन्‌महिने ऐके, प्रत्येकाची रोजची लय शिके, आणि कोणत्या विषयाभोवती बऱ्याच जणांची लय एकदम मोडते ते बघे. मग पडद्यावरच्या संघाच्या नकाशात तो भाग आधी पिवळा होई, मग लाल. लाल म्हणजे इथे काहीतरी दाबलं जातंय, कुणीतरी जाऊन बघा. एवढंच. नाव तो घेत नसे. शर्वरीने तो मुद्दाम तसा घडवला होता.

त्या आठवड्यात बॉयलरखाना लाल झाला.

"कोण अडखळतंय?" नानांनी विचारलं होतं.

"कानोसा नाव सांगत नाही, नाना. बॉयलर तपासायला माणूस पाठवा."

"यंत्र सांगत नसेल. तू ऐकलंयस ना? पोरी, मी तुला घरातली समजतो. घरात कुणाचं पोट दुखतंय हे मला कळायला नको?"

घरातली म्हटल्यावर शर्वरी विरघळली. तिने फडतऱ्यांचं नाव घेतलं. फडतरे सकाळीच डबा घेऊन घरी गेले ते परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी आलेल्या माणसाने छाती काढून "सगळं ठीक, नाना" म्हटलं, आणि बॉयलरखाना हिरवा झाला.

"बघ," नाना तिच्या पेल्यात दूध ओतत म्हणाले, "झाला की नाही दुरुस्त?"

बॉयलरला कुणी हातही लावलेला नव्हता.

त्यानंतर संघ बोलायला शिकला. तालुक्याच्या गावात हौशी नाटकांत राजाचं काम करणारा एक गृहस्थ होता. खातेप्रमुख संध्याकाळी त्याच्याकडे गुपचूप जाऊ लागले. श्वास कसा सोडायचा, प्रश्न संपायच्या आत उत्तर कसं उचलायचं, हे तो शिकवी. त्याचा उपयोग झाला नाही. कानोसा त्या नाटकी आवाजालाही पकडे. मग हळूहळू, कुणी कुणाला न सांगता, सगळ्यांना एक दुसरा उपाय सापडला. तो काय होता, हे शर्वरीला बरेच दिवस कळलं नाही. तिला दिसलं ते एवढंच, की एकेक खातं हिरवं होत गेलं. तिच्याशी बोलणारी माणसंही एकेक करून कमी झाली. कँटीनमध्ये ती ट्रे घेऊन आली की टेबलावरच्या गप्पा बंद होत. कुणीतरी म्हणे, "आला बरं का, नानांचा कान," आणि ताटावर मान घालून सगळे जेवत.

तिचा भाऊही त्या टेबलावर असे.

जयसिंग निकम संघाच्या पावडर प्लांटचा प्रमुख होता. आईवडिलांमागे त्याने शर्वरीला शिकवलं होतं, संघात नोकरीला लावलं होतं, आणि ती कानोसा घेऊन आली तेव्हा सगळ्या प्लांटला पेढे वाटले होते. फडतरे गेल्यापासून तो तिच्याशी घरीसुद्धा कामापुरतं बोले.

"दादा, भाजी छान झालीय ना?" तिने एकदा जेवताना सहज विचारलं.

"ठीक आहे," तो ताबडतोब म्हणाला. मग पानातून वर न बघता, "काय दाखवतंय तुझं मशीन? हिरवं का पिवळं?"

"असं काय बोलता तिला?" वहिनी म्हणाली.

"तिला कुठं बोलतोय? भिंतीला बोलतोय. भिंत ऐकते हल्ली."

त्यानंतर शर्वरी आपलं ताट घेऊन खोलीत जेवू लागली.

हिवाळा लागला. दूधधंद्यात याला पुष्ट काळ म्हणतात. हिरवा चारा मुबलक, म्हशी व्यालेल्या, गावोगाव दुधाचा पूर. एवढं ताजं दूध कुणी पीत नाही; ते टिकवायचं तर पावडर करावी लागते. चालक नसलेले टँकर मुंग्यांच्या रांगेसारखे फाटकातून आत येत, रिकामे होऊन निघून जात, आणि सगळा भार पावडर करणाऱ्या जयसिंगच्या टॉवरवर पडे. नानांनी टॉवरचा वेग वाढवायला लावला, धुण्यासाठी थांबायचे दिवस पुढे ढकलले. सकाळच्या बैठकीत जयसिंगचा पेला पहिल्यांदा भरला जाऊ लागला.

आणि एके दिवशी शर्वरीने पडदा उघडला तर सगळा नकाशा हिरवा होता. पार कोपऱ्यापर्यंत. पुष्ट काळात, माणसं दमून चिडलेली असताना, यंत्रं ऊर फुटेस्तोवर पळत असताना, कुठे पिवळा ठिपकासुद्धा नाही.

ती धावत नानांकडे गेली. "नाना, हे खरं नाही. जिती माणसं इतकी हिरवी नसतात."

नाना खदखदून हसले. "पेशंट बरा झाला म्हणून रडणारी डॉक्टरीण मी पहिल्यांदा बघतोय! अगं, आज दुपारी चार संघांचे अध्यक्ष येतायत तुझं यंत्र बघायला. सगळ्यांना तोच पाहिजे, आपला हिरवा नकाशा. टॉवरची गॅलरीही दाखवणार आहे मी त्यांना."

"आधी मला तपासू द्या."

"यंत्र तपासायचं का? खुशाल तपास. माणसं तपासायची नाहीत." आवाजातलं हसू गेलं होतं. "आज तरी माझ्या पेल्यात माशी टाकू नकोस, शर्वरी."

तिने यंत्रच तपासलं. पावडर प्लांटवर बोट ठेवलं आणि कानोशाने तिथे काय काय ऐकलं ते काढलं. सकाळच्या बैठकीतलं जयसिंगचं "सगळं ठीक, नाना" होतं, रोजचं, गुळगुळीत. त्याखाली काहीच नव्हतं. टॉवरवरच्या ऑपरेटरांनी आपल्या प्रमुखाला केलेला फोन नाही, वॉकीटॉकीवरची हाक नाही, शिवी नाही. दिवाळीपासून टॉवर आणि जयसिंगची केबिन यांच्यात एक शब्दही गेला-आला नव्हता. दुसरी खाती उघडली. थोड्याफार फरकाने तीच गत.

कानोसा अडखळ मोजायचा. जिथे कुणी बोलतच नाही, तिथे अडखळ शून्य. आणि शून्याला तिने, स्वतःच्या हाताने, हिरवा रंग दिला होता.

ती पावडर प्लांटकडे निघाली.

जयसिंग केबिनमध्ये होता. दार लावलेलं, खिडकीचा पडदा ओढलेला. खिडकीतून टॉवर दिसत असे. पडदा पूर्वी कधी नव्हता.

"दादा, टॉवर ठीक आहे?"

"ठीक आहे."

फट नव्हती. थरथर नव्हती. लहानपणी तिच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना जो आवाज होता, तोच. शर्वरी त्याच्याकडे बघत राहिली. सख्खा भाऊ खरं बोलतोय की खोटं, हे तिला कळत नव्हतं, आणि जगात ते कुणाला कळायला हवं होतं, तर तिलाच.

"तू शेवटचा वर कधी गेला होतास?"

जयसिंगने पेन खाली ठेवलं.

"वर कधी गेला होतास, दादा?"

"मला वर जायचं कारण काय? माणसं आहेत ना."

"ती माणसं तुला काय सांगतात?"

"काही नाही सांगत."

"का?"

"कारण मी त्यांना सांगितलंय, मला काही सांगायचं नाही!" तो उठून उभा राहिला. "कळलं? नाटकवाल्याकडे जाऊन काही होत नव्हतं. तुझं मशीन लबाडी पकडतं. मग लबाडीच करायची नाही. जे माहीतच नाही ते लपवणार कुठून? फडतरे भोळा होता; तो बॉयलरखान्यात जाऊन बघत बसला, म्हणून अडखळला. आता कुणी बघत नाही. मी नाही, पॅकिंगवाला नाही, शीतगृहवाला नाही. सकाळी छातीवर हात ठेवून सगळे खरं बोलतो आम्ही. आम्हाला वाटतं ठीक आहे, म्हणून ठीक आहे."

"दादा, तो दुधाच्या पावडरचा टॉवर आहे."

"मला शिकवू नकोस."

शिकवायची गरज त्याला खरंच नव्हती. नव्या ऑपरेटरांना तोच समजावून सांगत असे, आणि फार छान सांगत असे. लाकडाचा ओंडका पेटवा, तो रात्रभर जळेल. त्याच्या ढलप्या करा, घटकाभरात संपतील. आणि त्याचाच बारीक भुसा करून हवेत उडवला आणि ठिणगी पडली, तर तो जळत नाही, फुटतो. कारण प्रत्येक कणाभोवती स्वतःची हवा असते आणि सगळे कण एकदम पेट घेतात. दुधाची पावडर त्याहून वाईट, कारण तिच्यात स्निग्धांशही आहे आणि साखरही. टॉवरमध्ये दूध वरून फवारतात, खालून-वरून गरम हवा खेळते, थेंब खाली येईस्तोवर त्याची पावडर होते. चार मजले उंच पोटात सतत धूळ उडत असते. ती नुसती गरम हवेने पेटत नाही. पण भिंतीला ओलसर पावडरचा थर धरला, तो धुतला नाही आणि जाड होत गेला, तर आतल्या आत तापत राहतो, गवताची ओली गंजी तापते तसा. त्याचा निखारा होतो. आणि असा निखारा एक दिवस सुटून धुळीत पडतो.

"चल वर," शर्वरी म्हणाली. "एकदा डोळ्यांनी बघ."

"नाही."

"का?"

"बघितलं की मला कळेल. कळलं की उद्या सकाळी नानांपुढे घसा अडकेल. आणि अडकला की तू आहेसच, नाव सांगायला." त्याचा चेहरा लाल झाला होता. "फडतऱ्याचं सांगितलंस तसं माझंही सांगशील. तुझ्या वहिनीने काय करायचं मग? पोरांनी काय करायचं? मला आंधळं तू केलंस, शरू. आता काठी घेऊन हात धरायला येऊ नकोस."

ती वळली आणि टॉवरच्या लोखंडी जिन्याकडे चालू लागली.

"शरू!" मागून तो ओरडला. "तुझं काय काम तिथं? उतर खाली!"

ती चढत राहिली. वर सगळ्यांत उंच मजल्यावर ऑपरेटर लता वायदंडे उभी होती. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं. शर्वरीला बघून तिने फडकंही खाली केलं नाही.

"काय पाहिजे, मॅडम? कुणाचं नाव पाहिजे?"

शर्वरी बोलायला तोंड उघडणार, तोच तिला वास आला. खवा आटवताना हात थांबला आणि कढईला लागला, की येतो तसा.

"हा वास कधीपासून येतोय?"

"वास?" लता म्हणाली. "आम्हाला वास घ्यायची बंदी आहे."

जिन्यावर पावलं वाजली. जयसिंग वर आला होता, धापा टाकत. बहीण एकटी वर गेली, हे त्याला खाली बसून सोसवलं नसावं. त्याच्याही नाकात तो वास गेला. तो जागच्या जागी थांबला. मग हळूहळू पुढे होऊन टॉवरच्या जाड काचेला डोळा लावला, आत बघायचा दिवा लावला, आणि बराच वेळ तसाच राहिला.

"दादा?"

तो बाजूला झाला. शर्वरीने पाहिलं. आत पांढऱ्या धुरळ्यात, फवाऱ्यांच्या वर, भिंतीला पोळ्यासारखं काहीतरी लोंबत होतं. कडा पिवळसर, मध्ये तपकिरी, आणि पोटाशी काळंभोर.

"गॅसचा भोंगा का वाजला नाही?" जयसिंग लताला म्हणाला. आत काही धुमसायला लागलं, की ज्वाला दिसायच्या कितीतरी आधी त्यातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो; तो हुंगणारं एक यंत्र टॉवरला असतं आणि ते भोंगा वाजवतं. "भोंगा का नाही वाजला, लता?"

"वाजत होता की. दिवाळीत रोज वाजायचा." लताने आता फडकं काढलं. "तुम्ही फोन करून काय म्हणालात, साहेब? 'तो आवाज माझ्या कानावर येता कामा नये.' मग आमच्या शिफ्टवाल्यांनी वायर काढली. नाही आला कानावर."

"मला सांगायचं ना, की..."

"केबिनच्या दाराशी आले होते. पुन्हा पुन्हा आले. तुम्ही आतनं हात केलात, जा म्हणून. मी आईची शपथ घालणार होते, तर दार लावून घेतलंत." तिचा आवाज चिरकला. "आम्ही रोज घरून निरोप घेऊन येतोय, साहेब. तुम्हाला काय? तुम्ही खाली."

जयसिंगने खिशातून फोन काढला आणि नानांना लावला. शर्वरीला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. पलीकडे पाहुण्यांची हसणी होती.

"नाना, जयसिंग बोलतोय. टॉवर थांबवावा लागेल."

"सकाळी तू काय म्हणालास मला?"

"ठीक म्हणालो, नाना. पण..."

"मग ठीक आहे." नानांचा आवाज शांत होता. "पाहुणे घेऊन गॅलरीत येतोय मी. दूध परत जाणार नाही." फोन बंद झाला.

जयसिंगने फोन खिशात टाकला. टॉवर थरथरत होता, रोजच्यासारखाच. गॅलरी खालच्या मजल्यावर, टॉवरला चिकटून होती.

"लता, शिफ्टच्या सगळ्यांना बाहेर काढ. मैदानात. पळत." मग त्याने शर्वरीकडे पाहिलं. "तूही जा."

"तू?"

"मी थांबवून येतो. हे कळ दाबून पळायचं काम नाही. आधी दूध तोडायचं, मग हवा, मग वरून पाणी सोडायचं. क्रम चुकला तर ते पोळं तिथल्या तिथं सुटेल. जा म्हणतो ना! एवढं तरी ऐक."

ती गेली, पण मैदानात नाही. गॅलरीच्या दारात जाऊन हात पसरून उभी राहिली. नाना पाहुण्यांना घेऊन येत होते, पांढरेशुभ्र कपडे, सगळ्यांच्या गळ्यात संघाचे रुमाल.

"आत जायचं नाही, नाना."

"बाजूला हो."

"आत निखारा आहे. दादा टॉवर थांबवतोय."

पाहुण्यांपैकी एकजण चटकन दोन पावलं मागे सरला. नानांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण डोळे बदलले. "पोरीची तब्येत बरी नाही," ते पाहुण्यांना म्हणाले, आणि तिच्या कानाशी वाकून, "तुम्हा दोघा भावंडांना मी या खोऱ्यात भीक मागायला लावीन."

त्याच क्षणी टॉवरचा आवाज बदलला. घरघर उतरत गेली आणि तिच्या जागी पाण्याचा मोठा सळसळाट आला. मग आत कुठेतरी काहीतरी जड सुटलं आणि धप्प करून खाली आपटलं. शर्वरीने डोळे गच्च मिटले.

काही झालं नाही. नुसता चर्रर्र आवाज आणि मग वाफ.

जयसिंग खाली आला तेव्हा नखशिखान्त भिजलेला होता. त्याने टॉवरच्या तळाचं दार उघडलं आणि फावड्याने आतला ढीग बाहेर ओढला. ओला काळा लगदा, आणि त्यात डोक्याएवढा एक गोळा. त्याने फावड्याची धार त्यावर घातली. गोळा दुभंगला. बाहेरून भिजून थंड झालेला तो गोळा आतून अजून लालबुंद होता.

मैदानातली माणसं पुढे सरकली.

"नाना, या," जयसिंग म्हणाला. "जवळून बघा."

नाना होते तिथेच राहिले. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. "मला काही दाखवू नकोस," ते म्हणाले. "फुटला का टॉवर? नाही ना फुटला? मग? माझ्या परवानगीशिवाय थांबवलास तू तो." आणि पाहुण्यांच्या खांद्यावर हात ठेवून ते त्यांना चहाला घेऊन गेले. जाताना त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस खोऱ्यातलं दूध परत गेलं. टँकरांना फाटकावर 'टॉवर बंद' एवढाच इशारा मिळे आणि ते आल्या पावली, भरल्या पोटाने, आपापल्या गावाकडे वळत. त्यांच्याशी भांडायला आत माणूसही नसे. मग गावांनी निकमांच्या घरी फोन करून भांडण काढलं. आमच्या म्हशी तुमच्या दारात आणून बांधू का, म्हणाले. दारावर कुणीतरी नासलेलं दूध ओतून गेलं.

संघाच्या चौकशीत निष्कर्ष निघाला, की कानोसा त्या दिवशी पूर्ण हिरवा होता, अर्थात दोष व्यवस्थेत नसून दोन व्यक्तींमध्ये होता. जयसिंगला काढलं, विनापरवानगी उत्पादन थांबवलं म्हणून. शर्वरीला काढलं, पाहुण्यांसमोर संघाची बदनामी केली म्हणून. पाहुण्यांपैकी तिघांनी कानोसा मागवला. फक्त टॉवर सुरू होईना. लता वायदंडे आणि तिची शिफ्ट जिन्याच्या पायथ्याशी फतकल मारून बसली होती. भोंग्याची वायर जोडल्याशिवाय कुणी वर चढणार नव्हतं. नवा प्रमुख त्यांना रोज विनवी, रोज धमकावी, आणि रोज सकाळी बैठकीत म्हणे, "सगळं ठीक, नाना." अखेर वायर जोडली गेली. ती कुणी जोडायला सांगितली, हे कुणालाच माहीत नव्हतं.

कामावरून काढल्याची पत्रं हातात पडली त्या दुपारी भावंडं संघाच्या फाटकाबाहेर येऊन उभी राहिली. जयसिंगने मोटारसायकलला किल्ली लावली, पण ती चालू केली नाही.

"दादा," शर्वरी म्हणाली, "माझा राग आलाय तुला?"

जयसिंगने उत्तर दिलं नाही. रस्त्यावरून एक टँकर वळून गेला. त्याने हँडलवरचा हात काढला, परत ठेवला. काहीतरी ओठांपर्यंत आलं आणि मागे गेलं, पुन्हा आलं. कितीतरी महिन्यांत तिने त्याला असं शोधताना पाहिलं नव्हतं. ती थांबली. घाई केली नाही. भिंत नव्हती, पडदा नव्हता, नुसता तिचा भाऊ समोर होता आणि त्याला वेळ लागत होता.

"खूप," तो शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज थरथरला. "घरी चल. तिथं सगळं सांगतो. तुला ते ऐकून सोसवणार नाही."

"ऐकते," ती म्हणाली, आणि मागे बसली.